गाडीची स्प्रिंग, शॉकअप आणि त्याची सेटिंग: आपल्या विदर्भातल्या रस्त्यांसाठी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी काही मेकॅनिक नाही, यवतमाळ जिल्ह्यात शेती करतो. पण वडिलांच्या कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्यांना दर महिन्याला यवतमाळला न्यावं लागतं, आणि मागच्या सीटवरून "आई गं" ऐकू आलं की माझा जीव वरखाली होतो. त्या पायी दोन वर्षं मी माझ्या छोट्या गाडीच्या खालीच झोपून काढली म्हटलं तरी चालेल. आता गावात कोणाची गाडी मागून बसली की लोक मला विचारतात, तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

स्प्रिंग आन् शॉकअप एकच काम करते ना?

नाही भाऊ, आणि इथंच सगळा घोळ होतो. स्प्रिंग गाडीचं वजन धरते. शॉकअप, ज्याला कोणी जंपर म्हणतात, तो वजन धरतच नाही. सुटा शॉकअप हातात घ्या, दांडी सावकाश दाबा, आरामात आत जाते. तीच झटक्यात दाबायला जा, अडते. स्प्रिंगला फक्त एवढं कळतं की मी किती दबले, आणि शॉकअपला एवढं कळतं की मला किती जोरात दाबतायत.

चाक खड्ड्यात आदळलं की स्प्रिंग दबते आणि ती ताकद साठवून परत वर फेकते. शॉकअप नसता तर गाडी खड्डा संपल्यावरही झुल्यासारखी हलत राहिली असती. शॉकअपमध्ये तेल असतं, पिस्टनला बारीक भोकं आणि त्यावर पातळ चकत्यांचे वॉल्व असतात, तेल त्यातून जबरदस्तीनं ढकललं जातं आणि उड्या मारायची ताकद उष्णतेत निघून जाते. खराब रस्त्यावरून पंधरा-वीस किलोमीटर आल्यावर चारही शॉकअपला जरा जपून हात लावून बघा. तीन गरम आणि एक गार असेल तर तो गार बहुतेक कामच करत नाहीये. याला पैसे लागत नाहीत, कोणाला विचारावं लागत नाही.

स्प्रिंग कडक का नरम, हे कशावर ठरते?

तारेची जाडी, वेटोळ्याचा घेर आणि वेटोळे किती, या तीन गोष्टींवर. जाडीचा फरक सगळ्यात जास्त पडतो, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १२ मिलिमीटरच्या जागी १३ मिलिमीटरची तार घेतली, बाकी सगळं सारखं, तर स्प्रिंग जवळपास ३८ टक्के कडक होते. एका मिलिमीटरनं! म्हणून दुसऱ्या मॉडेलची "दिसायला सेम" स्प्रिंग बसवून घेऊ नका, डोळ्याला हा फरक दिसत नाही पण कमरेला दिसतो.

जितकं वजन तितकी दबणार, दुप्पट वजन तर दुप्पट दबणार, हा रॉबर्ट हूकचा नियम, त्यानं १६७८ साली छापला. समजा तुमच्या मागच्या प्रत्येक चाकाला स्प्रिंगचा हिशोब २ किलोला १ मिलिमीटर असा आहे. मागं तीन मोठी माणसं बसली, २०० किलो धरा, प्रत्येक बाजूला १०० किलो, म्हणजे गाडी ५० मिलिमीटर खाली बसणार. हे बसणं बिघाड नाही, ते स्प्रिंगचं कामच आहे.

आणखी एक, वजनानं स्प्रिंग जितकी दबलेली असते त्यावर गाडीच्या झुलण्याचा ठेका ठरतो. २५ सेंटिमीटर दबलेली असेल तर सेकंदाला साधारण एक झोका, १५ सेंटिमीटर असेल तर सव्वा ते दीडच्या मधात. माणसाच्या चालण्याचा ठेका याच्याच आसपास असतो म्हणून तेवढं अंगाला सोसतं. यापेक्षा फार कडक केली की पोट हलतं, डोकं दुखतं.

सीएनजी टाकी बसवली तेव्हापासून गाडी मांगून बसली. स्प्रिंग बदलू का?

आधी मोजा. टेप घ्या, सपाट जागा बघा (कापूस वाळवायचा ओटा उत्तम), गाडी रिकामी करा, हवा बरोबर भरा, आणि चाकाच्या मधल्या बिंदूपासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी अंतर घ्या, वहीत तारीख टाकून लिहून ठेवा. ६० लिटरची लोखंडी टाकी स्टँड धरून साठेक किलो भरते, त्यात गॅस आठ-दहा किलो. वरचा हिशोब लावला तर मागं दीड-दोन सेंटिमीटर बसणार, टाकी चाकाच्या मागं असते म्हणून थोडं अजून. तेवढंच बसलं असेल तर स्प्रिंग ठीक आहे, फक्त तिच्यावर एक माणूस कायमचा बसलाय असं समजा आणि डिक्कीत सोयाबीनचे कट्टे टाकताना एक कमी टाका.

डावी-उजवी बाजू एक सेंटिमीटरपेक्षा जास्त वेगळी निघाली तर मात्र खाली वाकून बघा, स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं तुटलेलं असू शकतं. ते बुडाच्या वाटीत बसलेलं असतं, चिखल साचून गंजतं, आणि तुकडा तिथंच पडून राहतो म्हणून पटकन दिसतही नाही.

स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाकून देतो म्हणते गॅरेजवाला, टाकू का?

मी टाकले होते. गाडी एका दिवसात वर आली, मी खुश. पुढच्याच फेरीत वडील आर्णीच्या पुढं म्हणाले, "बाबू, गाडी थांबव, मी उभा राहून येतो." मला ते अजून आठवतं.

झालं काय, बफर दोन वेटोळ्यांच्या मधात बसतो आणि तेवढं वेटोळं कामातून जातं. कामाची वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते. कडक स्प्रिंग परत फेकते जोरात, आणि तिला रोखायला शॉकअप मात्र जुनाच. माझा तर शॉकअप आधीच मेलेला होता, खरा रोग तोच होता, आणि मी स्प्रिंगचा इलाज करत होतो. बफर काढले, मागचे दोन्ही शॉकअप नवीन टाकले आणि गाडी माणसात आली. गाडी ज्याच्यामुळे त्रास देतेय तेच बदला, स्प्रिंगचा रोग शॉकअपनं आणि शॉकअपचा रोग स्प्रिंगनं बरा होत नाही.

पोरगं म्हणते स्प्रिंग कापून गाडी खाली करतो...

करू देऊ नका. सहा वेटोळ्यातलं एक कापलं की स्प्रिंग २० टक्के कडक झाली आणि लांबी पण कमी. गाडी उंचवट्यावरून गेली आणि चाक पूर्ण खाली लोंबलं की ती आखूड स्प्रिंग वाटीत सैल होते, परत दबताना तिरपी बसू शकते. वळणावर असं झालं तर काय होईल ते सांगायची गरज नाही. आणि आपल्याकडं पाणंद रस्त्यानं वावरात जायचं असते, गाडी खाली करून करायचं काय?

शॉकअप गेला हे कसं ओळखायचं? गाडी तर चालते.

चालतेच. शॉकअप एका दिवसात मरत नाही, वर्ष-दोन वर्षं हळूहळू मरतो आणि आपल्याला त्या मेलेल्या गाडीची सवय होते, हाच धोका आहे. जो माणूस तुमच्या गाडीत पहिल्यांदा बसतो त्याला विचारा.

बोनेटचा कोपरा जोर लावून दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन थोडी खाली जाऊन थांबली पाहिजे. दोन-तीन झोके घेतले तर शॉकअप गेला. पण ही परीक्षा पूर्ण नाही, यात पास झालेला शॉकअप रस्त्यावर नापास होऊ शकतो, कारण हातानं तेवढा वेग देता येत नाही. म्हणून टायरवरून तळहात फिरवा. एकसारखी झीज असेल तर ठीक, पण वाटीसारखे खोलगट चट्टे थोड्या थोड्या अंतरावर लागले तर चाक रस्त्यावर नाचत चाललंय. नाचणारं चाक ब्रेक धरत नाही, गाडी थांबायला जास्त अंतर लागते. आणि रात्री पुढून येणारे गाडीवाले लाईट मारायला लागले की समजा तुमचे लाईट वरखाली होतायत.

शॉकअपवर तेलाचा हलका ओलावा असेल तर घाबरू नका, दांडीला तेलाचा पातळ थर लागतोच. पण बॉडीवरून तेल ओघळून त्यावर धुळीचा जाड काळा लेप बसला असेल, बोटानं खरवडला तर लोण्यासारखा निघत असेल, तर सील गेलं. पुसा, आठ दिवसांनी परत बघा. परत ओघळ दिसला तर बदला, दोन्ही बाजूचे सोबत बदला. आवाज मात्र वेगळी गोष्ट आहे, "टकटक" होतेय म्हणून शॉकअप बदलून बसलेले खूप लोक मला माहीत आहेत आणि शेवटी लिंक रॉड किंवा लोअर आर्मचा बुश (सांध्यातलं रबर) निघतो. आधी स्वस्त वस्तू तपासा.

बम्प आणि रिबाउंड म्हणजे काय?

चाक वर येते, शॉकअप दबतो, तो बम्प. चाक परत खाली जाते, शॉकअप ताणला जातो, तो रिबाउंड. साध्या गाडीच्या शॉकअपमध्ये रिबाउंडचा अडथळा बम्पपेक्षा जास्त ठेवलेला असतो, बरेचदा दुप्पट-तिप्पट. कारण दबताना अडवायला स्प्रिंग पण मदतीला असते, पण वर फेकताना स्प्रिंगच्या विरोधात शॉकअप एकटा असतो.

आता आपल्या रस्त्याकडं बघा. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याच मातीवर डांबरी रस्ता टाकलाय, मग तो लाटांसारखा होतो, खड्डा एक नाही पण गाडी बोटीसारखी चालते. ह्या लांब लाटांसाठी रिबाउंड चांगला घट्ट लागतो. आणि त्याच रस्त्यावर मधातच डांबर उखडलेली कडा येते, टणक दणका, तिथं बम्प नरम लागतो. म्हणून आपल्याकडं माझं मत पक्कं आहे: रिबाउंड आवळा, बम्प ढिला ठेवा. बरेच जण उलटं करतात, सगळंच कडक करून टाकतात आणि म्हणतात गाडी "टाईट" झाली.

अ‍ॅडजस्टेबल शॉकअप टाकले, नॉब किती क्लिक फिरवू?

दुसऱ्याचा आकडा घेऊ नका, त्याची गाडी वेगळी, वजन वेगळं. स्वतः शोधायला अर्धा दिवस लागतो.

टायरची हवा कंपनीनं दरवाज्यावरच्या स्टिकरवर दिलीय तेवढी करा, थंड टायरमध्ये. गाडीत नेहमी असते तेवढं वजन ठेवा. मग नॉब घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं हळूच शेवटपर्यंत बंद करा, जोर लावू नका, आतली सुई खराब होते. तिथून मागं मोजायचं, "पूर्ण बंदपासून इतके क्लिक" हीच भाषा ठेवा. बहुतेक किटमध्ये ही दिशा कडक करायची असते पण तुमच्या किटचा कागद बघून घ्या.

आता पूर्ण नरम करा आणि एक ठरलेला तुकडा निवडा, दोन किलोमीटर पुरे, त्यात एक गतिरोधक, एक लाटांचा भाग, एक वळण पाहिजे. माझा तुकडा आमच्या फाट्यापासून नाल्याच्या पुलापर्यंत आहे. एकाच स्पीडनं चालवा. गाडी तरंगेल. दोन क्लिक आवळा, परत तोच तुकडा, तोच स्पीड. असं करत करत एक वेळ येते की लाट संपल्यावर गाडी एकदाच वर येऊन थांबते. तिथं थांबा, लिहून ठेवा. पुढं अजून दोन क्लिक मुद्दाम आवळून बघा म्हणजे जास्त झालेलं कसं लागते ते अंगाला कळेल: पाठोपाठच्या खड्ड्यांवर चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही, गाडी हळूहळू खाली खाली बसत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या खड्ड्याला बुडाशी आदळते. लोकांना वाटते स्प्रिंग नरम आहे, असते मात्र रिबाउंड जास्त.

बम्पचा वेगळा नॉब असेल तर तो नंतर. बारीक गिट्टीवर, डांबराच्या कडेवर गाडी चटकन लाथ मारल्यासारखी करत असेल तर बम्प जास्त आहे. एका वेळी एकच नॉब, एकाच जोडीचा, डावा-उजवा सारखा. दोन गोष्टी सोबत बदलल्या की कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही.

नॉब पूर्ण कडक केला तरी वळणावर गाडी झुकतेच, काऊन?

कारण गाडी शेवटी किती झुकणार हे स्प्रिंग आणि अँटिरोल बार (डाव्या-उजव्या चाकाला जोडणारी आडवी दांडी) ठरवतात. शॉकअप फक्त किती लवकर झुकणार ते ठरवतो. चिखलदऱ्याच्या घाटात लांब वळण घ्या, गाडी एका कोनात जाऊन स्थिर होते, तेव्हा शॉकअपची दांडी हलतच नाहीये, मग तो अडवणार काय? ब्रेक मारल्यावर पुढून दबते त्याचंही तसंच.

असाच अजून एक गैरसमज, किटवर लो-स्पीड आणि हाय-स्पीड लिहिलेलं असते ते गाडीचं स्पीड नाही. शॉकअपची दांडी किती वेगानं हलते ते आहे. समृद्धीवर १२० नं जाताना गाडी संथ झुलते तेव्हा दांडी लो-स्पीडमध्येच असते, आणि गावात २० नं जाताना चाक खड्ड्यात धाडकन पडलं की हाय-स्पीड.

कॉइलओव्हरची खालची रिंग वर फिरवली की स्प्रिंग कडक होते ना?

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपवरच बसवलेली स्प्रिंग, खालच्या रिंगनं गाडीची उंची बदलता येते अशी. सरळ स्प्रिंग असेल तर नाही. रिंग वर केली की गाडी वर उचलली जाते, पण स्प्रिंगवर वजन गाडीचंच आहे तेवढंच राहते, म्हणून ती दबलेली पण तेवढीच. जिची वेटोळी काही जवळ काही दूर असतात तिचं वेगळं, तिथं जवळची वेटोळी वजनानं आधी मिटतात आणि उरलेली कडक लागतात, ओझं वाहणाऱ्यांसाठी ती चांगली.

आपल्याकडं कॉइलओव्हरचा खरा शत्रू चिखल आहे. काळी माती त्या आट्यांमध्ये बसून वाळली की सिमेंटसारखी होते. पावसाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी पाण्यानं धुवा, दातांच्या जुन्या ब्रशनं घासा, नाहीतर दिवाळीत रिंग फिरणारच नाही.

बोलेरो, टाटा एसच्या पाट्यांना हे सगळं लागू होते का?

तत्त्व तेच. पाटा म्हणजे लोखंडी पाती एकावर एक रचून केलेली स्प्रिंग. त्याची एक मजा आहे, पाती एकमेकांवर घासतात त्यामुळे थोडं शॉकअपचं काम पाटाच करतो. पण गंजली की अडकतात, मग लहान खड्ड्यावर पाटा हलतच नाही. पाती खोलून साफ करून परत बसवली की गाडी बदलल्यासारखी वाटते. कापसाच्या सीझनमध्ये जास्तीचं पातं टाकून घेतात, ते ओझं असते तोवर ठीक, पण रिकामी गाडी मागून उड्या मारते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला मागचं सरकते. पाटा धरून ठेवणारे यू-बोल्ट दर महिन्याला बघा, ढिला झाला की पात्यांच्या मधातला सेंटर बोल्ट तुटतो.

गतिरोधकावर बूड लागते, गाडी उंच करू?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच पाहिजे, ताशी २५ किलोमीटरनं आरामात जाता येईल असा. आपल्या गावात लोकांनीच अर्ध्या पोत्या सिमेंटचा उभा बांध घातलेला असतो, त्यात गाडीचा दोष नाही. अशा ठिकाणी ब्रेक आधी मारा आणि चढायच्या क्षणी सोडा, ब्रेक दाबलेला असताना गाडी पुढून दबलेली असते आणि तेव्हाच बूड घासते. उंच केली तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला ताकद देणाऱ्या दांडीचा) कोन बिघडतो, अलाइनमेंट बिघडते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीत बदल चालत नाही, इन्शुरन्सच्या वेळी तेच काढतात.

मे महिन्यात गाडी जास्त तरंगते असं वाटते, खरं का?

खरं आहे. तेल तापलं की पातळ होते, भोकांतून सहज निसटते, अडवणं कमी होते. ४५-४६ डिग्रीत चंद्रपूरच्या बाजूला दुपारी खराब रस्त्यावर तासभर चालवली की फरक कळतो. सतत हलून तेलात फेस झाला तर अजून वाईट, म्हणून गॅसवाल्या शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबून भरतात, दाबाखाली फेस कमी होतो. सेटिंग डिसेंबरच्या सकाळी केली असेल तर उन्हाळ्यात एखाद-दोन क्लिक आवळा आणि मृग लागला की परत घ्या, वहीत लिहिलेलं असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.

घरी स्ट्रट खोलून स्प्रिंग बदलता येईल का?

स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब. तो गाडीतून काढणं वेगळं आणि स्ट्रटच्या टोकावरचा मधला नट खोलणं वेगळं. आत स्प्रिंग दबून बसलेली असते, १५० मिलिमीटर दबलेली आणि २ किलोला १ मिलिमीटरवाली असेल तर ३०० किलोचा जोर त्या एका नटावर आहे. नट सुटला की सगळं तोंडावर येते. स्प्रिंग कंप्रेसर नसेल तर त्या नटाला पाना लावूच नका, दोरीनं, तारेनं बांधून करतो म्हणणाऱ्यालाही करू देऊ नका. मी दोन्ही स्ट्रट काढून पोत्यात घालून तालुक्याला नेले, तिथं मशीनवर स्प्रिंग बदलून घेतल्या, घरी आणून बसवले आणि लगेच अलाइनमेंट केली. खालच्या बुशचे बोल्ट मात्र गाडी जमिनीवर चाकावर उभी असतानाच शेवटचे आवळा, हवेत लटकलेली असताना आवळले की बुश पिळलेला राहतो आणि वर्षाच्या आत फाटतो. पाचशे किलोमीटर झाले की टेप घेऊन चारही अंतरं परत मोजा, नवीन स्प्रिंग थोडी बसते, तो आकडा खरा धरा आणि पुढं त्याच्याशीच तुलना करा.